बीपी आहे? मग लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलं होतं?

बीपीची गोळी सुरू असलेल्या कुणालाही विचारा, "बीपी किती असतं?" उत्तर लगेच येतं, "परवा एकशे चाळीस-नव्वद होतं." शुगरचा आकडाही तोंडपाठ असतो. पण "लघवीतलं अल्ब्युमिन किती आलं?" असं विचारलं, तर बहुतेक जण गप्प होतात. आकडा विसरलेला नसतो. ती तपासणी कधी झालेलीच नसते.

ही तपासणी साधी आहे. सुई टोचावी लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, आणि खासगी लॅबमध्येही काही शे रुपयांत होते. मधुमेह असलेल्यांची ती दरवर्षी करावी, हे डॉक्टर अनेक वर्षांपासून सांगत आले आहेत. बीपीच्या रुग्णांच्या बाबतीत मात्र ती मागे पडली. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती बीपीच्या सर्व रुग्णांसाठी आहे. अमेरिकेत 2017 च्या सूचनांमध्ये ती ऐच्छिक होती. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या नव्या सूचनांमध्ये तिथेही ती प्रत्येक बीपी रुग्णासाठी करायची तपासणी ठरली.

ही तपासणी का करायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि आकडा वाढलेला आला तर काय करायचं, ते पाहू.

अल्ब्युमिन लघवीत येतं कसं?

अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन. ते यकृतात तयार होतं आणि रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवायचं काम करतं. एक डेसिलीटर रक्तात ते साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम असतं. ते रक्तातच राहायला हवं. निरोगी माणसाच्या लघवीत ते अगदी नगण्य उतरतं.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लीटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत जातो आणि दीड-दोन लीटर लघवी होते. एवढं गाळूनही अल्ब्युमिन आतच राहतं, कारण गाळणीला तीन थर असतात आणि अल्ब्युमिनचा कण त्यांच्यातून सहज जाण्याइतका लहान नसतो. जे थोडंफार निसटतं, तेही पुढच्या नळ्या परत शोषून घेतात.

आता बीपीचं काय होतं ते पाहा. गाळणीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीला स्वतःचा व्हॉल्व्ह असल्यासारखा आहे. शरीरातला दाब वाढला की ती आकसते आणि आतल्या नाजूक गुंत्याला वाचवते. पण वर्षानुवर्षं दाब चढाच राहिला, तर या धमनीच्या भिंती जाड आणि कडक होतात. मग तिला वेळेवर आकसता येत नाही आणि बाहेरचा दाब थेट गाळणीवर येतो. थर ताणले जातात, पेशी निसटतात, छिद्रं सैल होतात. अल्ब्युमिन लघवीत उतरू लागतं.

म्हणजे मनगटावर किंवा दंडावर मोजलेलं बीपी आज किती भार आहे ते सांगतं. लघवीतलं अल्ब्युमिन सांगतं की त्या भाराने आत काही बिघडवलं आहे की नाही. दोन्ही आकडे वेगळे आहेत, आणि एक पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. दोघांचंही बीपी 150-90 असेल, तरी एकाचं अल्ब्युमिन 8 आणि दुसऱ्याचं 180 येऊ शकतं. त्या दोघांचा पुढचा धोका सारखा नाही.

"लघवी तपासली, नॉर्मल आली" हे पुरेसं का नाही?

बऱ्याच जणांच्या फाईलमध्ये "यूरिन रुटीन" असतं आणि त्यात प्रथिनासमोर "निल" लिहिलेलं असतं. त्यावर माणूस निश्चिंत होतो. पण ही तपासणी रंग बदलणाऱ्या पट्टीवर होते. एक लीटर लघवीत साधारण दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम प्रथिन असल्याशिवाय पट्टी नीट बोलत नाही. सुरुवातीची गळती त्याहून बरीच कमी असते. पट्टीला ती दिसतच नाही.

दुसरी अडचण पाण्याची. भरपूर पाणी पिऊन नमुना दिला तर लघवी पातळ होते आणि आकडा खाली येतो. उन्हातून येऊन, पाणी न पिता दिला तर आकडा वर जातो. म्हणून अल्ब्युमिनबरोबर लघवीतलं क्रिएटिनिनही मोजतात आणि दोन्हींचं प्रमाण काढतात. पाणी जास्त झालं तर दोन्ही सारखेच पातळ होतात, त्यामुळे प्रमाण बदलत नाही.

उदाहरण घ्या. सकाळच्या लघवीत लीटरमागे अल्ब्युमिन 40 मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन 0.8 ग्रॅम आलं. 40 भागिले 0.8, म्हणजे 50. त्याच माणसाने दोन तांबे पाणी पिऊन नमुना दिला आणि अल्ब्युमिन 10, क्रिएटिनिन 0.2 आलं, तरी उत्तर 50 च. आणि या दोन्ही वेळी साधी पट्टी "निल" म्हणाली असती.

या तपासणीचं नाव आहे यूरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, थोडक्यात एसीआर किंवा यूएसीआर. काही लॅबच्या यादीत ती "मायक्रोअल्ब्युमिन" या जुन्या नावाने असते. या नावामुळे एक गैरसमज होतो. मायक्रो म्हणजे लहान आकाराचं अल्ब्युमिन नव्हे. अल्ब्युमिन तेच, फक्त थोड्या प्रमाणात. लॅबमध्ये सांगताना "क्रिएटिनिनसकट रेशो हवा" असं स्पष्ट सांगावं, नाहीतर कधीकधी नुसता अल्ब्युमिनचा आकडा हातात येतो.

रिपोर्ट कसा वाचायचा?

आकडा मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन या एककात असेल, तर:

– 30 पेक्षा कमी : सामान्य. तरीही 5 आणि 25 अगदी सारखे नाहीत. आकडा जितका खाली तितकं बरं.
– 30 ते 300 : मध्यम वाढ. यालाच पूर्वी मायक्रोअल्ब्युमिनुरिया म्हणत. या टप्प्यावर काहीही त्रास जाणवत नाही.
– 300 पेक्षा जास्त : तीव्र वाढ. लघवीला न विरणारा फेस, पायांवर सूज अशी लक्षणं दिसू शकतात, पण दिसतीलच असं नाही.

काही रिपोर्टमध्ये एकक मिलिग्रॅम प्रति मिलिमोल असतं. तिथे हेच टप्पे साधारण 3 आणि 30 वर येतात. त्यामुळे एका लॅबमध्ये 45 आणि दुसऱ्या लॅबमध्ये 5 आलं, तर "एवढं कमी झालं!" म्हणून खूश होण्याआधी एकक पाहा. मिलिमोलच्या आकड्याला 8.84 ने गुणलं की ग्रॅमचा आकडा मिळतो. म्हणजे तो 5 प्रत्यक्षात 44 आहे, काहीच कमी झालेलं नाही.

एक बारकावा. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. कृश वृद्ध व्यक्तीच्या लघवीत ते कमी असतं, त्यामुळे रेशो थोडा जास्त दिसतो. पीळदार शरीराच्या माणसात उलट होतं. आकडा सीमारेषेवर असेल तर डॉक्टर हे लक्षात घेतात.

नमुना देताना

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सर्वांत चांगली. मधल्या धारेची घ्यावी. पुढील वेळी तपासणी पुढे ढकलावी, कारण आकडा खोटा वाढतो:

– ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर
– मासिक पाळी सुरू असेल तर
– आदल्या दिवशी जड व्यायाम, लांबची पदयात्रा किंवा शेतातलं कष्टाचं काम झालं असेल तर
– बीपी किंवा शुगर त्या वेळी फारच चढलेली असेल तर

एका रिपोर्टवर निदान होत नाही. अल्ब्युमिन रोज थोडं वर-खाली होतं. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने तपासून त्यांतले निदान दोन वाढलेले आले, तरच वाढ खरी मानतात. तेव्हा पहिल्या रिपोर्टने घाबरू नये, आणि तो बासनात गुंडाळूनही ठेवू नये.

याच वेळी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर तपासावा. "माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवी कशाला?" असं अनेक जण विचारतात. कारण एवढंच की मूत्रपिंडाची क्षमता बरीच घटेपर्यंत, कधी निम्मी होईपर्यंत, रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मलच्या आत राहू शकतं. अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी बोलतं.

मेणबत्ती, चमचा आणि पाटण्याच्या घराण्यातला डॉक्टर

लघवीतल्या अल्ब्युमिनची ओळख जुनी आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये अंगावर सूज, लघवीत अल्ब्युमिन आणि खराब झालेली मूत्रपिंडं यांचा संबंध मांडला. तपासणीची पद्धत घरगुती होती. चमच्यात लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. अंड्याचा पांढरा बलक शिजून घट्ट होतो तसं अल्ब्युमिन गोठून पांढरं दिसायचं.

पुढची पायरी त्याच हॉस्पिटलमध्ये पडली आणि तिचा धागा आपल्याकडे येतो. फ्रेडरिक अकबर महोमद हे पाटण्यात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या शेख दीन महोमद यांचे नातू. तेव्हा दंडाला बांधायचा पट्टा नव्हता. तो 1896 मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी आणला. महोमद यांनी मनगटावरच्या नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारलं आणि 1870 च्या दशकात दाखवलं की अनेक रुग्णांत लघवीत अल्ब्युमिन दिसण्याआधीच रक्ताचा दाब वाढलेला असतो. वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसातही हा दाब असतो, हेही त्यांनी नोंदवलं. 1884 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, विषमज्वराने त्यांचा मृत्यू झाला.

आज आपल्याला माहीत आहे की हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. बीपीने मूत्रपिंड बिघडतं आणि बिघडलेलं मूत्रपिंड मीठ-पाणी साठवून बीपी आणखी चढवतं. चक्र कुठून सुरू झालं ते प्रत्येक वेळी कळत नाही. पण अल्ब्युमिन दिसलं की ते थांबवायची वेळ झाली हे नक्की.

हा इशारा फक्त मूत्रपिंडाचा नाही

अल्ब्युमिन वाढलं की लोकांना पहिली भीती डायलिसिसची वाटते. ती खोटी नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून घ्यावं लागणारी माणसं आणि त्यांच्याबरोबर एसटीने ये-जा करणारे घरचे लोक आपण पाहतोच. पण अल्ब्युमिन थोडंसं वाढलेल्या बहुतेकांना मूत्रपिंडापेक्षा हृदय आणि मेंदूचा धोका आधी असतो.

कारण समजायला अवघड नाही. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब झालं असेल, तर हृदयातल्या, मेंदूतल्या आणि डोळ्यांतल्या वाहिन्यांचं अस्तरही त्याच दाबाखाली असतं. ते आपल्याला पाहता येत नाही. लघवी मात्र रोज तपासता येते.

'लाईफ' नावाच्या मोठ्या अभ्यासात बीपी असलेले आणि हृदयाचा स्नायू जाड झालेले नऊ हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यात दिसलं की लघवीतलं अल्ब्युमिन जितकं जास्त, तितके हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू जास्त. उपचारांनंतर ज्यांचं अल्ब्युमिन खाली आलं, त्यांच्यात हे प्रसंग कमी झाले. म्हणजे हा आकडा धोका दाखवतो आणि औषध लागू पडतंय की नाही तेही सांगतो.

आपल्याकडे याचं गांभीर्य मोठं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांत आणि 21 टक्के स्त्रियांत बीपी वाढलेलं किंवा औषधावर असलेलं आढळलं. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात होतं, 26.4 टक्के. बीपी आणि शुगर एकाच घरात, बऱ्याचदा एकाच माणसात असतात, आणि दोन्ही मिळून याच गाळणीवर घाव घालतात.

आकडा वाढला, आता औषध कोणतं?

गोळ्या स्वतःहून बदलायच्या नाहीत. पण डॉक्टर काय विचार करतात ते माहीत असावं.

बीपी कमी करणारी सगळी औषधं अल्ब्युमिनवर सारखी चालत नाहीत. दोन गट विशेष उपयोगी आहेत. एकात रामिप्रिल, एनालाप्रिल. दुसऱ्यात लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन. ही औषधं गाळणीतून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करतात, त्यामुळे गाळणीच्या आतला दाब उतरतो. पहिल्या गटाने काहींना कोरडा खोकला लागतो; मग दुसऱ्या गटातलं औषध देतात. दोन्ही गट एकत्र देत नाहीत. 2008 मध्ये रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचे त्रास मात्र वाढले.

औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित असतं. 30 टक्क्यांहून जास्त वाढलं तर डॉक्टर कारण शोधतात. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत, म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असेल तर आधीच सांगावं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर ही गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारावं.

तिसरा पर्याय नवा आहे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं मधुमेहासाठी आली, पण मूत्रपिंड वाचवायला शुगर नसलेल्यांनाही उपयोगी ठरली. 2020 च्या एका चाचणीत 4,304 रुग्ण होते आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. डापाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड झपाट्याने खालावणं, ते निकामी होणं किंवा मूत्रपिंड-हृदयाच्या कारणाने मृत्यू यांचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी कमी झाला. त्या चाचणीत अल्ब्युमिन 200 च्या वर असलेलेच रुग्ण घेतले होते. म्हणजे लघवी तपासल्याशिवाय हे औषध कुणाला लागेल ते कळलंच नसतं. भारतात या दोन्ही औषधांची पेटंटं संपली आहेत, डापाचं 2020 मध्ये आणि एम्पाचं मार्च 2025 मध्ये, आणि किमती बऱ्याच उतरल्या आहेत.

बीपी किती खाली आणायचं? अल्ब्युमिन वाढलेलं असेल तर सर्वसाधारण 140-90 वर समाधान मानत नाहीत. 130-80 च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. वय, चक्कर येणं, इतर आजार पाहून डॉक्टर हा आकडा ठरवतात.

ताटात आणि औषधाच्या डब्यात

मीठ जास्त असेल तर वरच्या गोळ्यांचा अल्ब्युमिनवरचा परिणामही कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. आपण भारतीय सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास खातो. भाजीतलं मीठ कमी करून वर लोणचं, पापड, ठेचा घेतला तर हिशेब तिथेच येतो. गोव्या-कोकणात सुकी मासळी, इंदूरला शेव-नमकीन, बडोद्याला फरसाण, हैदराबादला आवकाय. मीठ प्रत्येक गावात वेगळ्या वाटेने ताटात येतं.

"लो सोडियम" मीठ घेण्याआधी विचारा. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळीबरोबर, मूत्रपिंड कमजोर असेल तर, ते धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी चढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. बीपीच्या रुग्णाने त्या सवयीने घेऊ नयेत. तंबाखू, मग ती बिडी असो वा मशेरी, रक्तवाहिन्यांना त्रासच देते.

कधी थांबू नये?

पुढील गोष्टी दिसल्या तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावं: एसीआर सतत 300 च्या वर, लघवीतून रक्त, चेहऱ्यावर-पायांवर सूज, ईजीएफआर 30 च्या खाली किंवा भराभर उतरणारा, तीन-चार गोळ्यांनीही न आटपणारं बीपी. गरोदरपणात पाच महिन्यांनंतर बीपी आणि लघवीत प्रथिन एकत्र दिसलं, तर तो वेगळा आणि तातडीचा विषय आहे; त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

दोन राज्यांत उपचार घेणाऱ्यांसाठी

आपल्या भागात फाईल एका ठिकाणी राहत नाही. बीपीची गोळी गावच्या डॉक्टरांची, तपासणी बेळगावात, मोठं काही झालं की मिरज, कोल्हापूर, हुबळी किंवा गोवा. मुलगा पुण्याला असेल तर दोन महिने तिकडचे डॉक्टर. प्रत्येक ठिकाणी नवा कागद होतो आणि जुना घरीच राहतो. अल्ब्युमिनच्या बाबतीत हे नुकसानीचं आहे, कारण इथे एक आकडा फार काही सांगत नाही. तो वर चाललाय की खाली, हे महत्त्वाचं असतं.

म्हणून एक साधी वही ठेवा. पाच रकाने पुरेत: तारीख, बीपी, एसीआर (एककासह), रक्तातलं क्रिएटिनिन व ईजीएफआर, सुरू असलेल्या गोळ्या. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. आकडा सामान्य असेल तर वर्षातून एकदा, वाढलेला असेल तर डॉक्टर सांगतील तसं दर तीन-सहा महिन्यांनी. 300 च्या वर असलेला आकडा उपचारांनी निदान 30 टक्के खाली आला, तर औषध काम करतंय असं समजतात.

आणि भाषेची अडचण इथे येऊ नये. डॉक्टर कन्नड बोलणारे असोत, कोंकणी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू, "यूरिन एसीआर करायची का?" हे चार शब्द सगळीकडे कळतात. पुढच्या वेळी बीपी दाखवायला जाल, तेव्हा दंडाचा पट्टा सोडण्याआधी एवढं विचारा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)